परक्या पाठीवरची नक्षी

दिवाळी झाली, हवा बिघडली आणि पलंगाखालच्या कप्प्यातून रजया निघाल्या, की माझी चिडचिड सुरू होते. त्यात थंडीचा दोष नाही. दिल्लीची थंडी मला आवडते. निदान आवडायची, तिच्यात आभाळ दिसायचं तेव्हा. आता गुरुग्रामच्या चौदाव्या मजल्यावरून समोरची इमारतही दिसत नाही, आणि मुलगी बजावून जाते, "आई, खिडकी उघडू नकोस, प्लीज." डांबराच्या गोळ्यांचा वास, गाजरं किसल्याचा आवाज, बशीत साठलेली किन्नू संत्र्यांची सालं, हे सगळं घरात कोंडून घ्यायचं आणि त्याला हिवाळा म्हणायचं.

यंदा त्यात भर पडली. माझी मुलगी सानिका घरसजावटीच्या वस्तू करणाऱ्या कंपनीत डिझायनर आहे. तिच्या ऑफिसात एक अख्खी भिंत 'इन्स्पिरेशन'साठी राखून ठेवलेली आहे. भिंतीने भागेना म्हणून मागच्या रविवारी सगळ्यांना जुन्या दिल्लीत नेलं, शहरातली कला शोधायला. दरवाजे, पतंग, मसाल्याची पोती, ट्रकांच्या पाठीवरचे मोर. चारेकशे फोटो आणि धरलेला घसा घेऊन ती परतली. हळदीचं दूध हातात दिलं तर म्हणाली, "आई, तू तीस वर्षं पानिपतला ब्लँकेटची डिझाइनं केलीस. तुला इन्स्पिरेशन कुठून मिळायचं? सोमवारी मला दोन ओळी बोलायच्यात."

"बसमधून," मी म्हटलं.

"आई, यार, सीरियसली."

मी सीरियसलीच सांगत होते. पण तिला हवं होतं ते काहीतरी सुंदर, भिंतीवर लावता येण्याजोगं. मी म्हटलं, दूध पी आणि झोप.

प्रेरणा या शब्दाने मला आयुष्यभर वैताग दिला आहे. पानिपतच्या कारखान्यात मालक दर हंगामाला माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "मॅडम, कुछ नया दीजिए, पर वही वाला." नवीन हवं, पण गेल्या वर्षीचंच. या एका वाक्यावर मी तीस हिवाळे काढले. आणि त्याआधीचा एक हिवाळा काढला आईबरोबर, बसमध्ये, परक्या माणसांच्या पाठी बघत. तो मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सतरा वर्षांची, बारावीत. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आणि आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आई साताऱ्याची. तिच्या माहेरी लोकरीचं काही विणायचं ते फक्त तान्ह्या बाळासाठी. दिल्लीच्या पहिल्या थंडीत ती इतकी गारठली की शेजारच्या सलूजा आंटींनी कीव येऊन तिच्या हातात दोन सुया दिल्या. त्यानंतर आईच्या हातातून सुया सुटल्या त्या फक्त पोळ्या लाटताना.

तेव्हाच्या दिल्लीत हिवाळा म्हणजे विणकाम. दुपारी ऑफिसांच्या हिरवळीवर बायका डबे उघडायच्या, शेंगदाणे आणि तीळगुळाची गजक एकमेकींना द्यायच्या आणि सुया चालवायच्या. ऊन सरकेल तसा घोळका सरकायचा. विणकामाची पुस्तकं मिळायची, पण ती कोण विकत घेणार? डिझाइन घ्यायचं ते चालत्याबोलत्या माणसाकडून. कुणाचाही स्वेटर आवडला की सरळ अडवायचं. "बहनजी, जरा डिझाइन दिखाना," असं म्हणून बाई अनोळखी बाईची बाही धरायची, टाके मोजायची, आणि ती दुसरी बाई दंड पुढे करून उभी राहायची. कुणी रागवत नसे. उलट ज्याला कुणी अडवलं नाही, त्याच्या घरच्या बाईला वाईट वाटायचं.

सातारच्या बाईला हे किती लवकर जमावं? पहिली दोन वर्षं ती लाजली. मग लाज गेली ती कायमचीच. बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाची पाठ तिला वाचनालयातल्या पुस्तकासारखी वाटायची. फक्त तिची एक अडचण होती. तिला टाके मोजता येत, पण डिझाइन लक्षात राहत नसे, आणि कागदावर काढता तर मुळीच येत नसे. ते मला येत होतं. मग काय, माझा हात चांगला म्हणून मला ग्राफची वही आणि पेन्सिल घेऊन तिच्याबरोबर फिरणं आलं.

"तो बघ, तो बघ, निळा. उतरला तर गेला. काढ लवकर."

"आई, तो माणूस मागे बघतोय."

"बघू दे. तू पाठीकडे बघ."

डीटीसीची बस, तिचे ते खडखडणारे पत्रे, ब्रेकगणिक घसरणारी पेन्सिल आणि कानाशी आई, "तीन सोडून एक, नाही नाही, चार सोडून एक." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वर्गातली मुलगी बसमध्ये दिसली तर मी वही ओढणीखाली लपवायची. एकदा आईच्या आग्रहापायी आमचा स्टॉप गेला आणि एका पोलिसाच्या खाकी स्वेटरमागे आम्ही थेट टर्मिनसपर्यंत पोचलो. त्याच्या पाठीवर नक्षी नव्हतीच, नुसत्या साध्या वेण्या होत्या.

मला याचा राग यायचं खरं कारण निराळं होतं. मला डिझाइन शिकायचं होतं. कला महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत द्यायचा होता, आणि त्याला दहा डिझाइनं जोडायची होती, स्वतःची. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई सांगायच्या, "आजूबाजूला बघा, शहरात सगळीकडे डिझाइन आहे." मी बघायची. आमच्या आजूबाजूला पिवळ्या रंगाची एकसारखी क्वार्टर्स होती, त्यांवर काळ्या रंगात नंबर होते, आणि प्रत्येक गच्चीत पाण्याची एकसारखी टाकी होती. मग घरी येऊन मी कमळ काढायची.

बाबांनी अर्जाला विरोध केला नव्हता, एवढंच. त्यांचं म्हणणं होतं, एकदा प्रयत्न कर; नाही झालं तर बी. कॉम. आणि बँकेच्या परीक्षा. एकदाच. बाबा जे एकदा म्हणत ते एकदाच असे.

जानेवारीत आईला 'तो' स्वेटर दिसला. धुकं इतकं होतं की बसचा कंडक्टर पायरीवर उभा राहून ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. आमच्या पुढे एक गृहस्थ पेंगत होते. मानेभोवती मफलर, खांद्यावर शाल, मधली वीतभर पाठ तेवढी उघडी. करड्या लोकरीवर मरून रंगाचे आडवे धागे सुटे सोडलेले, एकाआड एक, विटांच्या भिंतीसारखे.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, हे तर बिल्कुल नवीन आहे! धागे वरून सोडलेत बघ!"

मी एकूणएक धागा मोजून काढला. तोवर आई एकाच रंगात विणत आलेली, दोन रंगांचं काम तिला नवीन. सलूजा आंटी मुलीच्या बाळंतपणासाठी लुधियानाला गेलेल्या. विचारायचं कुणाला? आईने आपल्या बुद्धीने सुरुवात केली. मरून धागा वर घेऊन सोडायचा, पुन्हा आत न्यायचा. फार किचकट काम होतं. गंमत म्हणजे आतल्या बाजूने मरून रंगाच्या सुबक चौकटी आपोआप उमटत होत्या. आई खूश झाली. "बघ, आतूनसुद्धा किती छान येतंय," ती मला म्हणाली, आणि मीही, होणारी डिझायनर, मान डोलावली. मग तिने नेटकेपणाने सगळ्या शिवणी त्या चौकटींच्या बाजूला घेतल्या, म्हणजे बाहेरून दिसू नयेत.

तो स्वेटर घालून बाबा ऑफिसात गेले. अकराच्या सुमाराला टायपिस्ट कपूर मॅडम हळूच म्हणाल्या, "केलकरजी, स्वेटर उल्टा पहन लिया है आज." बाबा बाथरूममध्ये गेले, स्वेटर उलटवला, चौकटी बाहेर आल्या. समाधानाने टेबलावर येऊन बसतात तोच शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "केलकर साहब, स्वेटर उल्टा है, सिलाई दिख रही है." उरलेला दिवस बाबांनी कोटाची सगळी बटणं लावून, हीटरशेजारी, घाम पुसत काढला.

संध्याकाळी त्यांनी स्वेटर जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "याची सुलट बाजू कोणती?" आम्ही दोघींनी तो उलटसुलट फिरवून बघितला, तेव्हा उमगलं. बसमधला तो माणूस सकाळी धुक्यात, घाईघाईत, स्वेटर उलटा घालून निघाला होता. आणि आम्ही त्याची चूक टाक्या-टाक्याने मोजून घरी आणली होती.

त्यावर हसू आज येतं. त्या आठवड्यात नाही आलं, कारण त्याच आठवड्यात मी अर्ज बाबांपुढे ठेवला. शेवटच्या पानावर पालकांचं प्रमाणपत्र होतं: सोबतची दहाही डिझाइनं माझ्या पाल्याने स्वतः केली असून ती कशाचीही नक्कल नाहीत. बाबांनी ते दोनदा वाचलं. सरकारी माणूस. सही म्हणजे त्यांच्या लेखी काय होतं, ते मला ठाऊक होतं.

"हिवाळाभर तू काय करतेस ते मी बघतोय," ते म्हणाले. "लोकांच्या पाठी उतरवतेस. त्याही उलट्या. यावर मी सही करू?"

"बाबा, ती आईची कामं. ही दहा माझी आहेत."

त्यांनी एकेक कागद बघितला. "हे कमळ आपल्या कॅलेंडरवरचं. हा मोर काडेपेटीवरचा. ही कैरी तुझ्या आईच्या साडीची. खोट्या प्रमाणपत्रावर मी सही करत नाही."

ते बरोबर बोलत होते, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. बाबांवर राग काढता येईना, मग आईवर काढला. तुझ्या स्वेटरांमुळे माझं वाटोळं झालं, तुझ्यामुळे मला नक्कल करायची सवय लागली, तू मला कारकून केलंस, असं बरंच काही बोलले. आईने तो स्वेटर घेतला आणि उसवायला बसली. उसवलेली लोकर वाफेवर धरली, सुकवली, माझ्या दोन हातांवर चढवून गुंडे केले. शेवटचा गुंडा झाल्यावर म्हणाली, "आता मला तुझी नक्षी दे. तुझी स्वतःची. मी कुणाच्या पाठीकडे बघणार नाही."

"माझ्याकडे नाहीये आई."

"मग शोध."

आणि ती खरंच बघेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये एक बाई अगदी आमच्यापुढे उभी राहिली. अंगात मोरपिशी कार्डिगन, काय त्याची वीण! आई खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, धुकं होतं. मला इतकं वाईट वाटलं, की ती नक्षी मीच चोरून मोजून घ्यावी असं मनात आलं.

चारपाच दिवसांनी मी शाळेतून आले तर घराला कुलूप. आई रेशनच्या रांगेत, आणि माझी किल्ली घरात. मी चरफडत जिन्यात बसले. पायऱ्या गार, पोटात भूक, मांडीवर ग्राफची वही. जिन्यात उजेडासाठी सिमेंटची जाळी होती, तशी सगळ्याच क्वार्टर्सना असते: चौकोनात चार पाकळ्या, कोपऱ्यात धूळ आणि कबुतरांची घाण. तीनच्या सुमाराला ऊन त्या जाळीतून आत आलं आणि वहीवर सावली पडली. सरळ नाही, तिरपी. पाकळ्या लांबल्या होत्या, एकीची टोकं दुसरीत शिरत होती. वही थोडी फिरवली की नक्षी बदलायची. ग्राफच्या चौकटी आयत्याच होत्या. मी नुसती भरत गेले. ऊन सरकलं तशी मीही एकेक पायरी सरकत गेले.

सानिका, तुझ्या दोन ओळींसाठी खरं उत्तर हे आहे. प्रेरणा वगैरे काही नव्हतं. किल्ली नव्हती.

त्यानंतर आठवड्याभरात कमळं-मोर गेले आणि दहाही कागद नव्याने झाले. सुंभाने विणलेल्या खाटेच्या सुटलेल्या गाठी. शेंगदाणेवाल्याने रचून ठेवलेल्या कागदी पुड्या. बाबांच्या खुर्चीचं वेत. गच्चीवरच्या टाक्यांची रांग, जी मी जन्मभर शिव्या देत बघितली होती. बाबांना दाखवायला गेले तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बघितलीयत मी तुझी डिझाइनं." मुदतीला अकरा दिवस उरले होते.

आईने नऊ दिवसांत स्वेटर पुरा केला. जिन्यातल्या सावलीचा. करड्यावर मरून, आणि या वेळी सुलट बाजू कोणती ते लुधियानाहून परतलेल्या सलूजा आंटींकडून दोनदा तपासून घेतलेलं. दहाव्या दिवशी सकाळी बाबा तयार होऊ लागले तेव्हा त्यांचा जुना स्वेटर बादलीत भिजत होता.

"अहो, फार मळला होता," आई म्हणाली.

"आणि कोट?"

"ड्रायक्लीनिंगला दिलाय."

बाबांनी आमच्या दोघींकडे बघितलं, नवा स्वेटर हातात घेऊन आतून-बाहेरून तपासला, आणि दुसरा इलाज नाही म्हणून चढवला. त्यांची चार्टर्ड बस, ऑफिसला जाणाऱ्यांनी मिळून ठरवलेली, आठ पस्तीसला यायची. अकरा वर्षांत ती त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. तापात, बंदच्या दिवशी, माझा पाय मोडला त्या दिवशीसुद्धा नाही.

नऊला दहा कमी असताना घंटी वाजली. दारात बाबा, आणि त्यांच्यामागे एक अनोळखी पंजाबी बाई. खांद्यावरच्या पिशवीतून दोन सुया बाहेर आलेल्या.

"बस गेली," बाबा म्हणाले. असा चेहरा मी त्यांचा आधी कधी बघितला नव्हता.

झालं असं होतं. बाबा रांगेत उभे होते आणि मागून कुणीतरी पाठीवर बोट लावून टाके मोजायला लागलं. बाबा दचकून पुढे सरकले तर मागून हुकूम आला, "भाईसाहब, हिलिए मत, फंदे गिन रही हूँ." बस आली. बाई म्हणाली, अजून बाही राहिली. बाबांनी सुटका करून घ्यायला सांगितलं, मला यातलं काही कळत नाही, घरी विचारा. बाई म्हणाली, "चलिए." तिचीही बस गेली होती, पण तिला त्याचं काही नव्हतं.

ती आत आली, चपला काढल्या आणि थेट आईला विचारलं, "बहनजी, ये किसका उतारा है?"

"किसी का नहीं," आई म्हणाली. "लडकी ने बनाया है."

"सच?" बाईने बाबांना खांद्याला धरून उजेडाकडे फिरवलं. "बीस साल से दिल्ली की बसों में पीठें देख रही हूँ जी. ये कहीं नहीं देखा."

बाबा पाठमोरेच म्हणाले, "कुठून घेतलंस हे?"

मनातून सुचलं असं मी म्हटलं असतं तर तिथेच काम झालं असतं. जीभ तशी वळतच होती. पण समोर ती पाठ होती, आणि सही त्या माणसाची हवी होती. मी म्हटलं, "जिन्यातल्या जाळीवरून. तिची सावली पडते ना दुपारी, त्यावरून."

"म्हणजे नक्कलच."

आईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. बी. कॉम.

"क्या कह रहे हैं?" बाईने विचारलं. आईने तिला सांगितलं. बाई मोजता मोजता थांबली. "जाली? वो सीमेंट वाली?" मग ती बाबांच्या पुढे येऊन उभी राहिली. "अजी, वो जाली तो हमारी सीढी में भी है. पूरी कॉलोनी में है. हमें तो कभी नहीं दिखी."

बाबा चपला न घालताच दार उघडून जिन्यात गेले. बाईही पिशवीतली आपली वही काढून त्यांच्यामागे गेली, कारण पाठ तिकडे चालली होती. आम्ही दारातून बघत राहिलो. धुकं विरत होतं, ऊन अजून यायचं होतं. बाबा जाळीकडे बघत, मग मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे बघत, पुन्हा जाळीकडे. एकदा त्यांनी बोटाने एका पाकळीवरची धूळ पुसली. खालून कुणी वर आलं आणि "नमस्ते केलकरजी" म्हणालं, तरी ते वळले नाहीत.

आत येऊन त्यांनी दहाही कागद मागितले. उभ्यानेच, एकेक करून, पुढून आणि मागून बघितले. वेताच्या खुर्चीच्या कागदाशी थोडे थांबले. मग अर्ज मागितला, खिशातलं पेन काढलं आणि टेबलावर वाकले. "हिलिए मत," बाई मागून ओरडली. त्यांनी वाकूनच, न हलता सही केली. पण सहीवर ते थांबले नाहीत. फायलीवर शेरा मारायची सवय. सहीखाली, ठळक इंग्रजी अक्षरांत, त्यांनी तीन ओळी लिहिल्या आणि तारीख घातली. चौथ्या क्रमांकाचं डिझाइन जिन्यातल्या जाळीवरून सुचलेलं आहे. ती नक्कल नाही. जाळी मी आज स्वतः पाहिली.